भाता मारणारा डावा हात आणि मोझार्टची ‘सोपी’ सोनाटा

पेटी वाजवणाऱ्या माणसाचा डावा हात अडाणी असतो. माझा तर पंचवीस वर्षं नुसता भाता मारत आला होता. उजव्याने मध्यमेपर्यंतच्या परीक्षा दिल्या, सोसायटीच्या भजनी मंडळाला साथ केली, आईच्या अभंगांमागे सूर धरला. डाव्याने हवा भरली. त्यामुळे सेहेचाळिसाव्या वर्षी पियानो शिकायला गेले तेव्हा माझा एक हात बऱ्यापैकी शिकलेला आणि दुसरा बालवाडीतला, अशी जोडी घेऊन गेले.

मिस सत्तरीच्या. पुण्यात कॅम्पातल्या जुन्या घरात शिकवतात आणि लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करतात. वर्षभर सोप्या गतींवर घासल्यावर त्यांनी समोर मोझार्टची सी मेजर सोनाटा ठेवली, म्हणजे वाद्यावर वाजवायची एक रचना; मोझार्टच्या रचनांच्या क्रमवारीत तिचा क्रमांक के. ५४५. मोझार्टने २६ जून १७८८ रोजी स्वतःच्या रचनांच्या यादीत तिची नोंद ‘नवशिक्यांसाठी छोटी पियानो सोनाटा’ अशी केली आहे. त्याच तारखेला त्याच यादीत त्याची ३९वी सिंफनीसुद्धा आहे. त्याच्या हयातीत ही सोनाटा छापली गेली नाही, ती आली १८०५ मध्ये. ‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द वाचून मला हायसं वाटलं. पहिला भाग ७३ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा), दोन पानं. दोन महिन्यांत होईल, असं मी घरी सांगूनही टाकलं. लागले नऊ.

उजव्या हाताला खरंच काही जड नव्हतं. सुरुवातीची चाल पांढरी एकमध्ये (पेटीवाल्यांच्या भाषेत पियानोचा सी; पुढच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या तिथून मोजायच्या) सा धरून गायली तर सा, ग, प, मग खालचा नि, आणि सारेसा. शाळकरी पोरगी गुणगुणेल इतकी साधी. पाचव्या बारापासून ज्या पळत्या ओळी येतात त्या तर आपले पलटेच, रियाजातली ओळीने चढणारी-उतरणारी स्वरांची वळणं: ध पासून वर जाऊन खाली, मग प पासून, मग म, मग ग. मी पहिल्याच दिवशी वाजवून दाखवल्या. मिसनी मान हलवली आणि म्हणाल्या, “आता डावा.”

डाव्या हातात सा प ग प, सा प ग प. कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याचे, तीन स्वर एकदम न दाबता उलगडून फिरवायचे. याला आल्बेर्टी बेस म्हणतात, अठराव्या शतकातल्या डोमेनिको आल्बेर्टी या व्हेनिसच्या संगीतकारावरून. कानाला झुळझुळ पाणी, हाताला जातं दळणं. माझी करंगळी सा वर धाडकन पडायची आणि बाकीचे तीन स्वर त्या धक्क्यावर कसेबसे ओढत यायचे. आठवडाभर ऐकून घेतल्यावर मिस म्हणाल्या, “अगं, हवा नको भरूस. इथे भाता नाही.” तेव्हा आरशात पाहावं तसं दिसलं: प्रत्येक चौकडीच्या पहिल्या स्वराला माझं मनगट भात्यासारखं आत-बाहेर होत होतं.

मग त्यांनी महिनाभर उजवा हात मांडीवर ठेवायला लावला. आधी तिन्ही स्वर एकदम दाबायचे, बोटांना कॉर्डचा आकार कळू द्यायचा. मग तो आकार न मोडता उलगडायचा, मनगट पुढे-मागे नाही, किल्ली फिरवल्यासारखं थोडंसं डावी-उजवीकडे. लय मोजणारा मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर. ऑफिसातून आल्यावर रोज चाळीस मिनिटं, हेडफोन लावून. घरच्यांना ऐकू यायचे ते फक्त पट्ट्यांचे ठक ठक आवाज. मोझार्टच्या काळातला पियानो पाच सप्तकांचा आणि त्याच्या पट्ट्या हलक्या, त्यामुळे त्याच्या नवशिक्यांना माझ्याइतका भार पेलावा लागत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. खरं म्हणजे भार पियानोचा नव्हता.

साधारण तिसऱ्या महिन्यात दोन्ही हात एकत्र यायला लागले आणि दुसरीच अडचण उभी राहिली. ती बोटांची नव्हती, कानाची होती.

आपल्याकडे मैफल सुरू होताना सा लागतो आणि संपेपर्यंत तो हलत नाही. तंबोरा म्हणजे खुंटा. गाय कितीही फिरली तरी दावं त्या खुंट्याला. या सोनाटात बाराव्या बारापाशी काहीतरी व्हायचं आणि मला दिशाच कळेनाशी व्हायची. बोटं बरोबर, कान हरवलेला. एका रविवारी वैतागून मी मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप पांढरी एकला लावलं आणि त्यावर हळूहळू वाजवायला बसले. सुरुवातीचे अकरा-बारा बार छान बसले. मग दुसरी चाल आली आणि तानपुरा बोचायला लागला. पांढरी पाचला लावला, तर सगळं परत जाग्यावर. काळी तीन आता तीव्र मध्यम वाटत नव्हती, ती नव्या सा चा शुद्ध नि झाली होती. आणि या नव्या घरात दुसरी चाल काय होती? प, ग, सा. पहिली सा ग प अशी चढते, दुसरी प ग सा अशी उतरते. तीन महिने मी ते स्वर दाबत होते आणि हे मला दिसलं नव्हतं!

पुढे गेले. अठ्ठाविसाव्या बाराला हा खंड संपतो, त्यानंतर मधला तुकडा, १३ बारांचा. पहिल्या खंडाच्या शेपटाला जो झटका होता तोच घेऊन मोझार्ट इथे फिरत सुटतो, पण कोमल गंधारात, म्हणजे मायनरमध्ये. तानपुरा पांढरी पाच, चार बारांनी पांढरी दोन, आणखी चार बारांनी पांढरी सहा. मी एका हाताने ॲप आणि एका हाताने पियानो अशी कसरत करत होते. आणि मग बेचाळिसाव्या बाराला सुरुवातीची ती ओळखीची चाल परत येते. मी निवांतपणे तानपुरा पांढरी एकला लावला. भयंकर. चाल तीच, पण सा होता पांढरी चारवर, आणि काळी पाच लागत होती.

मला वाटलं छपाईची चूक असणार. मिसना विचारलं तर त्या खूप हसल्या. “चूक नाही गं, फसवतोय तो. आली आली म्हणून तू दार उघडतेस आणि ती शेजारच्या घरात शिरते.”

त्यांनी त्या दिवशी वाजवणं बाजूला ठेवून मला नीट समजावलं. सोनाटा हा मूळ इटालियन शब्द, सोनारे म्हणजे वाजणं, यावरून; गायच्या त्या कान्ताता, वाजवायच्या त्या सोनाटा, इतकाच त्याचा सुरुवातीचा अर्थ. डोमेनिको स्कार्लात्ती या इटालियन संगीतकाराने ५५५ सोनाटा लिहिल्या, त्या बहुतेक एकेका भागाच्या. पुढे तीन-चार भागांच्या अख्ख्या रचनेला सोनाटा म्हणायला लागले. आणि सोनाटा फॉर्म हे वेगळंच प्रकरण, तो अशा रचनेच्या सहसा पहिल्या भागाचा घाट. एक्स्पोझिशनमध्ये दोन पट्ट्या, म्हणजे दोन वेगळे सा, समोरासमोर उभ्या करायच्या, डेव्हलपमेंटमध्ये भटकायचं, रिकॅपिट्युलेशनमध्ये सगळं मूळ पट्टीत परत आणायचं. सोनाटा आणि सोनाटा फॉर्म हे दोन शब्द मी महिनोन् महिने एकच समजत होते. गंमत म्हणजे ही चौकट अशी नावागावासकट बसवली ती आडोल्फ बर्नहार्ड मार्क्ससारख्या जर्मन अभ्यासकांनी १८४०च्या दशकात. मोझार्ट तोवर जाऊन पन्नासएक वर्षं झाली होती. त्याने रकाने भरले नव्हते. म्हणून तर मूळ चाल तो बिनदिक्कत पांढरी चारवर आणतो आणि तिथून वाट काढत, डाव्या हातालाही पलटे पळवायला लावत, दुसरी चाल येईपर्यंत पांढरी एकवर पोचतो.

डाव्या हाताला पलटे! तिथे आणखी दीड महिना गेला.

आई या सगळ्या काळात माझ्याकडेच होती. एकदा हेडफोन काढून तिला अख्खा भाग ऐकवला. ती म्हणाली, “तेच तेच तर वाजवतेस, नुसती पट्टी बदलून. पण शेवटी बरं वाटतं.” मी मिसना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिला घेऊन ये, ती तुझ्यापेक्षा लवकर शिकेल.

डिसेंबरात मिसच्या घरी विद्यार्थ्यांचं छोटेखानी वादन होतं. माझ्या आधी नऊ वर्षांचा एक मुलगा, नंतर तेरा वर्षांची मुलगी, मध्ये मी. आई पहिल्या रांगेत. सुरुवात बरी झाली. ट्रिलला, म्हणजे शेजारचे दोन स्वर भरभर थरथरवताना, बोट अडखळलं नाही. मधला तुकडाही निभावला, पांढरी चारचा चकवाही. डाव्या हाताचे पलटे तर त्या दिवशी कधी नव्हे इतके साफ गेले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिथेच घात झाला.

पहिल्या वेळी दुसऱ्या चालीच्या आधी हात जिथे थांबतात, तिथेच ते या वेळीही थांबतात. तोच स्वर, तेवढाच श्वास. फक्त पुढचा रस्ता वेगळा: पहिल्यांदा पांढरी पाच, या वेळी पांढरी एक. माझी बोटं सवयीने पहिल्याच रस्त्याला लागली. मला काहीच कळलं नाही. दोन बारांनंतर बोट काळी तीनवर पडलं आणि पोटात गोळा आला. ती पट्टी इथे नकोच होती. मी थांबले. खोलीत पंख्याचा आवाज. आईच्या चेहऱ्यावर भजनात कुणी ओळ विसरल्यावर येतो तो मख्ख भाव.

मिस काही बोलल्या नाहीत, फक्त बोटाने पानाच्या खालच्या अर्ध्याकडे खूण केली. मी बेचाळिसाव्या बारापासून पुन्हा सुरुवात केली. पलटे या वेळी तितके साफ गेले नाहीत. फाट्यापाशी आल्यावर मनात मोठ्याने म्हटलं, ‘पांढरी एक’, आणि वळले. शेवटचे सोळा बार मेट्रोनोमच्या दृष्टीने काय होते देव जाणे, पण सा वर होते.

टाळ्या झाल्या. नऊ वर्षांचा मुलगा मला म्हणाला, “माझंपण तिथेच चुकायचं.” त्याने ही सोनाटा आधीच्या वर्षी वाजवली होती.

पुढच्या मंगळवारी मिसनी पान उलटून दुसरा भाग उघडला. आंदान्ते, म्हणजे संथ चालीचा, जी मेजर, तीनची लय. मी डाव्या हाताची ओळ पाहिली. तीच उलगडलेली कॉर्ड, पहिल्या बारापासून पानाच्या तळापर्यंत, आणि पान उलटल्यावर पुढेही.

“मिस,” मी म्हटलं, “हा तर अख्खा भाताच आहे.”

“हळू भाता,” त्या म्हणाल्या. “उजवा हात मांडीवर.”