कॅसलरॉकचं धुकं आणि ब्रशवरचा ड्रम

जानेवारीतलं कॅसलरॉक, गोव्याच्या सरहद्दीवरचं घाटमाथ्याचं स्टेशन, सकाळचे सव्वासात. फोटोत आहे ते एवढंच: ओले रूळ, कडेची खडी, ऐनाचं एक झाड. चाळीसेक पावलांपुढचं सगळं धुक्यानं गिळलंय. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते; त्या भेगांत दव मुरून काळे पट्टे उमटलेत. शेजारच्या तारेवर कोळ्याचं जाळं, थेंब न् थेंब ओवल्यासारखं. हा फोटो समोर आला की मला जॅझमधला ब्रशवरचा ड्रम ऐकू येतो. त्याला कारणही आहे. मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या गोवेकर वादकांची वाट याच रुळांवरून जात होती.

बेळगावहून इथे यायचं तर रेल्वेच बरी. खानापूर, लोंढा, मग तिनईघाट आणि कॅसलरॉक. वास्कोकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या पहाटे इथे पोचत नाहीत आणि धुकं तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्यावं. पुढे घाटाचा उतार असल्याने गाडी ब्रेक तपासायला इथे थांबते, तेवढ्या वेळात फलाट नीट बघून होतो. मात्र रुळांवरून दूधसागरच्या दिशेने चालत जायचं नाही. तो गुन्हा आहे, आणि वळणावर, त्यातून धुक्यात, मागून येणारी गाडी दिसत नाही.

सीमाभागातल्या माणसाला सरहद्द नवी नाही, पण इथली सरहद्द वेगळी होती. घाटाखाली पोर्तुगीज, वर इंग्रज. १८८८ च्या सुमारास सुरू झालेली मीटरगेज मुरगावहून निघे आणि घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याच्या पुढे ३७ ला १ असा चढ चढून इथे येई. पोर्तुगीजांची जकात कुळ्याला, इंग्रजांची कॅसलरॉकला. ट्रंका, वळकट्या उघडून दाखवायच्या, मग लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे. पुण्याला मीटरगेज संपायची, तिथून मुंबईसाठी ब्रॉडगेजची गाडी. दुसरी वाट पणजीच्या बोटीची. १९५५ साली सरहद्दीवरची वाहतूक बंद पडली, ती गोवा मुक्त होईपर्यंत.

गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना सोलफेज, म्हणजे नोटेशन वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. त्यामुळे समोर ठेवलेला कागद पहिल्याच वाचनात वाजवणारे लोक मुंबईत हवेच असत. उतरायचे ते आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, धोबीतलाव नाहीतर माझगावला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला, मागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांना ऐकून आमचे लोक स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, शिकले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले, ते याच पिढीतले.

आता ब्रशविषयी. ब्रश म्हणजे पोलादी तारांचा छोटा पंखा. डाव्या हातातला ब्रश स्नेअर या छोट्या ड्रमच्या पानावरून, म्हणजे वर ताणलेल्या पडद्यावरून, न उचलता गोल फिरत राहतो. उजवा वरून हलक्या टिचक्या देतो. जॅझचा तो ‘श्श्श’ डाव्या हाताचा. तो हात क्षणभर जरी उचलला तरी भोक पडल्यासारखं ऐकू येतं, आणि नवशिक्यांचं नेमकं तिथेच चुकतं. पान खरखरीत लेपाचं लागतं. गुळगुळीत पानावर तारा नुसत्या घसरतात, आवाजच धरत नाही. १९५७ च्या आसपास प्लॅस्टिकची पानं आली. त्याआधी वासराचं कातडं असे. दमट हवेत ते सैल पडून उतरायचं, तबल्याची पुडी उतरते तसंच. आणखी एक सांगतो. आपला कान समेवर जाऊन बसतो, इथे चार मात्रांतली दुसरी आणि चौथी धरायची. पायाखालची हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटवायची झांजांची जोडी, तिथेच मिटते. पहिलीवर टाळी दिली तर स्विंग लंगडा होतो.

थंडीत वाद्यं एकमेकांशी भांडतात. हवा गार झाली की आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटरने घटतो, म्हणून ट्रम्पेट उतरतं. खोलीत २७ अंशांना लावलेलं ट्रम्पेट १४ अंशांच्या पहाटे बाहेर काढलं तर हिशेबाने अर्धस्वराच्या साधारण ४० टक्के उतरायला हवं. प्रत्यक्षात वादकाचा श्वास नळी तापवतो, त्यामुळे फरक कमी पडतो. पण वाजवणं थांबलं की दोन मिनिटांत पुन्हा उतरलं. गिटारच्या पोलादी तारा मात्र आखडून चढतात. म्हणून आधी ट्रम्पेटमध्ये नुसती फुंकर मारत नळी गरम करायची आणि मगच ट्युनिंग स्लाइडला, म्हणजे सूर लावायच्या सरकत्या नळीला, हात लावायचा. हार्मन म्यूट, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं धातूचं बोळकं, घालणार असाल तर त्याच्या गळ्याभोवतीचं बूच कोरड्या हवेत आवळतं आणि ऐन गाण्यात म्यूट खाली पडतो. बुचावर तोंडाची वाफ द्यावी, म्यूट आत ठेवून पाव फेरा पिरगळावा. आतली नळी काढून टाकली की तो पातळ, दुरून आल्यासारखा सूर मिळतो. तो इतका बारीक असतो की माइक जवळजवळ म्यूटला टेकवावा लागतो.

हा दुरून येणारा सूर पुष्कळांना रेडिओमुळे ओळखीचा आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम जानेवारी १९५५ मध्ये सुरू झाला. परदेशी श्रोत्यांना समजावं म्हणून ते मुद्दाम सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलत. शॉर्टवेव्हवर हिवाळ्यात वळवाच्या विजांची कडकड नसे, म्हणून ऐकायला हेच दिवस चांगले. पण त्या पट्ट्यात सेकंदाला साधारण ५ हजार कंपनांच्या वरचं काही पोचतच नसे. झांजेची किणकिण गेली, ब्रश खरखरीत मिसळून गेला, छोट्या स्पीकरमुळे बेसही गेला. मधला ट्रम्पेट तेवढा राहिला. त्या काळच्या आठवणी बहुतेक ट्रम्पेटच्याच निघतात त्या यामुळे. फोटोतल्या धुक्यात ऐन राहिला, तसा.

असा फोटो काढायचा असेल तर रात्र निरभ्र आणि वारा पडलेला हवा. सूर्य साधारण सातला उगवतो. त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास खरा. कॅमेरा पांढरं धुकं बघून फसतो आणि फोटो राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर २/३ ते १ स्टॉप वाढवावं. फोनवर झाडाला बोट लावून सूर्याची खूण थोडी वर सरकवली की झालं. फोकस सालीवर, धुक्यावर धरलात तर लेन्स मागेपुढे करत राहते. थंडीतून उबदार, दमट खोलीत शिरल्यावर कॅमेरा २० मिनिटं पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

परतीला संगीतकार चितळकर रामचंद्रांची १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी ऐकावीत. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. गायकाचा शब्द संपतो तिथे मागून कोण बोलतं, तिकडे लक्ष द्या. पण धावत्या गाडीत नको, रुळांच्या घरघरीत बेस बुडतो. लोंढ्याला बेळगावची गाडी येईपर्यंत वेळ मिळतो, तेव्हा बाकावर बसून.