आमची वाटचाल : तासगावच्या फेऱ्या

सांगलीच्या विश्रामबागेत एक खोली, दोन खुर्च्या आणि एकच काम: बेदाण्याच्या अडत्यांना पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, काढून देणं. सौदा झाला की एक्सेलमधल्या नोंदी घ्यायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याची पट्टी छापायची. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या दोनशे ओळी. आमच्या संगणकावर झकास चालायच्या.

पेढीवर मात्र 'मॉड्यूल सापडत नाही'. मग गाडीला किक मारून तासगाव. पायथन बसव, लायब्ऱ्या (प्रोग्रामला लागणारे तयार कोडचे संच) बसव, चहा पी, परत ये. कमाई पेट्रोलात. पायइन्स्टॉलर नावाच्या साधनाने पायथनसकट एकच चालती फाईल (एक्झी) करून दिली, तर अँटीव्हायरसने ती व्हायरस म्हणून उचलून टाकली.

2024 च्या जूनमध्ये खरी फजिती झाली. एका पेढीवर हार्ड डिस्क बदलली. आमच्या लायब्ऱ्यांच्या यादीत पांडाज या लायब्ररीपुढे 2.0.3 असा आवृत्तीचा आकडा होता; ती जिच्यावर चालते त्या नम्पायपुढे काहीच नव्हतं, म्हणजे सगळ्यात नवी बसणार. नेमकं त्याच महिन्यात नम्पाय 2.0 आलं होतं. जुन्या नम्पायवर बांधलेली पांडाज त्याच्याबरोबर सुरूच होईना. ऐन सौद्याच्या दिवशी दिवाणजी हाताने पट्ट्या लिहीत बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या वर्षाच्या सुरुवातीलाच पायथनवाल्यांनी पेप 723 (पायथनमधल्या बदलाचा एक प्रस्ताव) मंजूर केला होता. आमचं लक्ष उशिरा गेलं. त्यातली कल्पना साधी: कोणतं पायथन लागतं, कोणत्या लायब्ऱ्या लागतात, हे स्क्रिप्टच्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाईलीच्याच, डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहायचं. पायथन ती कॉमेंट सोडून देतं. 'यूव्ही' नावाचं साधन ती वाचतं, पायथन नसेल तर तेही आणतं, वेगळी जागा करून लायब्ऱ्या तिथे बसवतं आणि स्क्रिप्ट चालवतं. शिदोरी बांधूनच फाईल घराबाहेर पडते.

आता प्रत्येक संगणकावर यूव्ही एकदाच बसवतो आणि डेस्कटॉपवर स्क्रिप्ट सुरू करणारी एक बॅच फाईल ठेवतो. दुरुस्ती केली की नवी स्क्रिप्ट व्हॉट्सॅपवर जाते. पहिल्यांदा चालवताना नेट लागतंच, म्हणून ती पहिली धाव आम्ही समोर बसून घेतो. जूनचा धडा म्हणून त्याच कॉमेंटमध्ये एक तारीखही घालतो: हिच्यानंतर आलेली कुठलीही लायब्ररी घ्यायची नाही.

तासगावला अजून जावं लागतं. पण प्रिंटरसाठी.