आत्याची सही

गेल्या महिन्यात गावी गेले होते, ओसरीवर आत्या चष्मा न लावताच एका स्टॅम्प पेपरकडे बघत बसलेली. वय ७२. बाबा आणि काका दोघं जमिनीचं वाटप करून घेतायत, तालुक्याला टायपिंगवाल्याकडून कागद करून आणलेला, आत्याने फक्त सही करायची आणि सोमवारी रजिस्ट्रेशनला यायचं एवढंच तिला सांगितलेलं. मी म्हटलं, आत्या, वाचलंस का? म्हणाली, "दादा म्हणतोय ना, मग काय वाचायचं."

मी वाचला. चार पानं. तिसऱ्या पानावर वाक्य होतं की, मी कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता माझा हक्क कायमचा सोडत आहे. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "कायमचा" म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

मग मी आमचा सातबारा नीट बघितला. आजोबा १९९८ ला गेले तेव्हा वारस नोंद झाली, बाबा आणि काका वर मुख्य रकान्यात, आणि आत्याचं नाव "इतर हक्क"मध्ये, बँकेच्या कर्जाच्या बोजाच्या खाली. इतकी वर्षं घरात सगळे समजत होते की इतर हक्कात नाव म्हणजे नुसतं नावापुरतं. तसं अजिबात नाहीये. सातबारा आणि फेरफार (नावं बदलल्याची नोंद) हे महसुलाचे कागद, त्यावरून मालकी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय. नाव वर आहे की खाली यावरून हिस्सा ठरत नाही, तो वारसा कायद्यावरून ठरतो.

आणि तो कायदा बदललाय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा होताच, पण वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मतःच हक्क फक्त मुलग्यांना. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींनाही तो दिला पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुलींना वगळलं, आत्याचं लग्न १९७४ चं, म्हणजे ती बाहेरच. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगीही मुलग्यासारखीच जन्मापासून सहहिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो नसो. तरी वाद राहिलाच की वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असायची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने खरंच वाटप झालं असेल तर ते उकरता येत नाही. काका लगेच म्हणाले आमचं तोंडी वाटप झालेलं तेव्हाच. पण नुसतं तोंडी सांगून भागत नाही, त्याला सरकारी कागदांचा भक्कम पुरावा लागतो, आणि आमच्या सातबाऱ्यावर तर आजही तिघांची नावं एकत्र आहेत.

एक गोष्ट खूप जणींना माहीत नसते म्हणून लिहितेय. तलाठ्यासमोर "मला हिस्सा नको" असा जबाब दिला किंवा साध्या कागदावर लिहून दिलं तर त्याने जमिनीवरचा हक्क जात नाही, हक्कसोड पत्र, म्हणजे आत्यासमोर ठेवला होता तसला कागद, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टरच व्हावं लागतं. पण एकदा रजिस्टर झालं की मग फसवणूक झाली म्हणून ते रद्द करायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि तिथे वर्षं जातात हे सांगायला नको. म्हणून सहीच्या आधीची ती दहा मिनिटं फार मोलाची आहेत. (हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं, तो बौद्ध, जैन, शीखांनाही लागू आहे; मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे वारसा नियम वेगळे आहेत. आणि वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल तर ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकाच वाटा.)

मला बाबांचा राग नाही आला खरंतर. त्यांना मनापासून वाटतं की बहिणीला दर दिवाळीला साडी, तिच्या पोरीच्या लग्नात मामाकडचं सगळं, हे केलं म्हणजे झालं. आणि आत्याला वाटतं हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण जिला आपलं काय आहे हेच माहीत नाही तिने "सोडलं" असं कसं म्हणायचं? माहीत करून घेऊन, विचार करून भावांना द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, तो तिचा हक्क.

रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही. सकाळी बाबांनीच विषय काढला, आक्का तुला काय हवंय ते सांग. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली विहिरीकडचा तुकडा, आईने तिथे आंबा लावलाय.

सोमवारचं रजिस्ट्रेशन आम्ही पुढे ढकललं. आता तिघं मिळून वकिलाकडे जाणार आहेत, वाटपपत्र नव्याने करायचं, तिन्ही नावांचं. काका अजून नाराज आहेत. तो स्टॅम्प पेपर आत्याने घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवलाय, कोणाला देत नाहीये.