मुंग्या आल्या की गिअर

आमच्याकडं मोटारसायकल शिकायला कोणी पैसे देत नाही. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत काकाची स्प्लेंडर घेऊन ढेकळात दोन-चार वेळा आपटतात आणि शिकतात. औशातल्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला येतात ते कारवाले, नाहीतर स्कूटी शिकायला शिक्षिका आणि सिस्टर. त्यामुळं २०१७ च्या दिवाळीनंतर एक मामा भाच्याला घेऊन आले आणि "ह्याला गिअरची गाडी शिकवायचीय" म्हणाले, तेव्हा मी विचारलं, "गावात कुणाकडं गाडी नाही का?"

"गाड्या ढीगभर हायत सर. शिकवायला कुणी धजत नाही. लेकराला ऐकू येत नाही बगा, जन्मापासून."

लेकरू विशीतलं, चांगलं उंचपुरं. औशातच एका टेलरकडं कामाला. गाव आडमार्गाला, लग्नसराईत काम रात्रीपर्यंत चालतं आणि संध्याकाळची एसटी गेली की घरी जायची पंचाईत. कर्णबधिरांच्या निवासी शाळेत शिकलेला, त्यामुळं मराठी वाचता-लिहिता येत होतं. बोलणं मोबाइलवर टाइप करून.

फी घेण्याआधी मी कायदा बघितला. शिकवून ठेवायचं आणि लायसन्सच मिळायचं नाही, असं नको. दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ सालीच कर्णबधिरांच्या बाजूनं निकाल दिलेला आणि २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानंही सगळ्या राज्यांना पत्र पाठवून कळवलेलं, की ऐकू येत नाही एवढ्यावरून लायसन्स नाकारू नका. पत्राची प्रिंट काढून फायलीत लावली.

अर्जात मात्र तो प्रश्न होताच: गाडीचा साधा हॉर्नही ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का? मामा म्हणाले, "नाही लिवा की, कोण बघतंय!" मी ऐकलं नाही. उद्या काही झालं तर विम्याच्या क्लेमला पहिल्यांदा हाच कागद निघतो. "होय" लिहिलं, खाली मंत्रालयाच्या पत्राची प्रत जोडली. लर्निंगची परीक्षा त्यानं कॉम्प्युटरवर दिली. १५ पैकी ९ बरोबर आली की पास, ह्याची त्याहून बरीच जास्त आली. वाहतुकीच्या खुणा त्याला माझ्या कारवाल्यांपेक्षा बऱ्या येत होत्या.

खरी गंमत मैदानावर. गिअरची गाडी शिकवताना आम्ही बोलतो तरी काय? "क्लच हळू सोड. इंजिनचा आवाज दबला की तिथंच धर, मग रेस दे." "गाडी ओरडायली, वरचा गिअर टाक." "घरघर करायली, कमी कर." म्हणजे सगळी शिकवणी कानाची. ह्यानं स्प्लेंडरला किक मारली, रेस दिली ती अशी, की पलीकडं क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली. इंजिन किंचाळतंय आणि हा शांत. मग मी रेस कमी करायची खूण केली, तर पूर्ण सोडली. क्लच सोडला, गाडी उचकी देऊन बंद. परत किक, परत उचकी. लिंबाखाली बसलेले मामा बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "क्लच! आरं क्लच!" कुणाला ओरडत होते ते त्यांनाच माहीत.

तासभर असाच गेला. मग मी गाडी भिंतीजवळ नेली, पुढचं चाक भिंतीला टेकवलं आणि डबल स्टँडवर चढवली. मागचं चाक अधांतरी. त्याला बाजूला उकिडवं बसवलं आणि स्पोकपासून हात लांब ठेवायला दोनदा बजावलं. गाडी चालू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. इंजिन थंड असलं की क्लच पूर्ण दाबलेला असतानाही चाक थोडं रेंगाळत फिरतं, म्हणून मागचा ब्रेक अगदी हलका दाबून धरला. आता क्लच सोडत आणला. एका जागेपर्यंत काहीच नाही. मग लिव्हर नखभर पुढं गेली आणि चाक ब्रेकला न जुमानता ओढ घ्यायला लागलं. तिथंच थांबवलं. हाफ क्लच. लिव्हर परत दाबली, चाक थांबलं. सोडली, ओढ आली. हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं.

तो चाकाकडं बघत होता आणि बघता बघता त्यानं पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवला. नंतर हात काढून बुटाचा तळ फूटरेस्टला लावला. मी काही सांगितलं नव्हतं. नंतर त्याच्या दुकानात गेलो तेव्हा उलगडा झाला. मोटरच्या शिलाई मशीनवर बसला की डाव्या हाताची करंगळी टेबलाच्या पत्र्यावर टेकलेली. धागा ताणला, सुई बोथटली, मोटर जड झाली, हे सगळं त्याला त्या करंगळीतून कळायचं.

जागांची अदलाबदल केली. तो सीटवर, मी ब्रेकवर. त्यानं क्लच सोडत आणला, ओढ लागली तिथं थांबला, गुडघे टाकीला घट्ट लावले आणि रेस दिली, पण ह्या वेळी मोजून. मग मोबाइल काढून टाइप केलं: "हात मुंग्या. गिअर?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा हसू आलं. रेस वाढली की हँडलच्या मुठीत बारीक थरथर येते, हाताला मुंग्या आल्यासारखी. तीच वरच्या गिअरची वेळ. खाली आणखी एक ओळ आली: "पाय हलतो. गिअर कमी." म्हणजे वेग कमी आणि गिअर वरचा असला की इंजिन ठेचकाळतं, आणि ते ठेचकाळणं फूटरेस्टवरच्या पायाला कळतं. त्या स्प्लेंडरला चारही गिअर पुढं पंजानं दाबून पडतात, टाचेनं परत येतात. त्यामुळं पायाचा हिशेब सोपा. दिवस मावळायच्या आत तो मैदानाला गोल फेऱ्या मारत होता, उचकी न देता.

रस्त्यावर मी मागं बसायचो. शिकाऊ माणसाला गाडीवर मागं फक्त लायसन्स असलेला शिकवणाराच बसवता येतो, दुसरं कुणी नाही. मामांना हे अजिबात पटलं नव्हतं. आमची भाषा ठरली: डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडं, उजव्यावर उजवीकडं, पाठीवर पूर्ण पंजा म्हणजे ब्रेक. आरसे दोन्ही लावलेले. आमच्या भागात गाडी शोरूममधून निघाली की पहिलं काम आरसे काढायचं, का तर म्हणे शोभत नाहीत. ह्याचे आरसे मी स्वतः पान्यानं आवळले.

लातूर रोडला उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. दोन-दोन ट्रॉल्या, वर टेप फुल्ल. एकदा मागून एक जीप हॉर्न बडवत आली. मी थाप द्यायला हात उचलला, तोवर गाडी डाव्या कडेला गेलेलीसुद्धा होती. ह्याची नजर दर थोड्या वेळानं आरशात जायचीच. हॉर्न ऐकू येणारे आम्ही हॉर्न वाजेपर्यंत आरशात बघत नाही.

लर्निंगला तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट. इन्स्पेक्टर साहेबांना मंत्रालयाचं पत्र माहीत होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ह्याच्याशी बोलायचं कसं?" मी हाताच्या खुणा दाखवल्या. तो आठ काढायला लागला. पाय टेकला नाही, हाताचे इशारे चोख. एक आठ झाला, साहेब म्हणाले, "बस, झालं." हा दुसरा काढायला लागला. "अहो झालं, थांबा!" हा तिसऱ्यात. रांगेतली पोरं हसायला लागली आणि साहेबही. मग त्यांनी हात वर केला, तसा रेषेवर येता येता न्यूट्रल टाकला, हिरवा दिवा बघितला, थांबला आणि मगच पाय खाली.

लायसन्स आलं त्या दिवशी मामा पहिल्यांदा मागं बसले आणि गाव येईपर्यंत "हळू, हळू" ओरडत गेले, असं त्यानं मला मेसेज करून कळवलं. कळलं कसं विचारलं, तर म्हणे मामांची हनुवटी पाठीवर आपटत होती.

आता गिअरची गाडी शिकायला कोणीही आलं की मी आधी डबल स्टँडवर चढवतो आणि टाकीवर हात ठेवायला लावतो. परवा एका पोराचे वडील बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "सर, गाडी चालवायला शिकवूलालाव का रिपेर करायला?"