आमची वाटचाल : एका तिरप्या पट्टीपासून

आमच्या वर्कशॉपची सुरुवात एका पट्टीने झाली. .22 रिमफायर (छोट्या काडतुसाच्या, हलक्या) रायफलवर दुर्बीण बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी. दिसायला साधी, पण मागचं टोक पुढच्यापेक्षा किंचित उंच. 14 सेंटिमीटर लांबीत जेमतेम 1.2 मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या अंशाचा उतार. तो कशाला? 50 मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी 200 मीटरवर दीड मीटरहून अधिक खाली जाते. तेवढी भरपाई करता करता बऱ्याच दुर्बिणींची नेम वरखाली करायची फिरकी संपते. पट्टीच तिरपी असली की फिरकीला वाव उरतो.

सुरुवातीला लोक हसायचे. .22 म्हणजे 50 मीटरवर 10.4 मिलिमीटरचा दहा गुणांचा ठिपका गाठायची रायफल, हा पक्का समज. तिला लांब पल्ल्यावर नेणं हा हट्टच आहे, कबूल. पण मजाही त्यातच. गोळी अवघी 2.6 ग्रॅमची, वेग आवाजापेक्षा जरा कमी. 200 मीटर गाठायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात वारा आपलं काम करून जातो.

पट्ट्या खपू लागल्या तशी एक तक्रार वारंवार कानावर यायला लागली : नेम बरोबर, वारा पडलेला, तरी गोळ्या वरखाली. दोष पट्टीत नव्हता. वेगात सेकंदाला 5 मीटरचा फरक पडला तरी 200 मीटरवर गोळी सुमारे 5 सेंटिमीटर सरकते. सेंटरफायरवाले, म्हणजे बुडाच्या मधोमध पेट घेणारी काडतुसं वापरणारे, दारू तोलून काडतूस स्वतः भरतात. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला, त्यामुळे कारखान्यातून येईल ते गोड मानायचं. हातात उरते फक्त निवड : आपल्या नळीला मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचा गट, शोधणं.

म्हणून आम्ही लॉट तपासून द्यायला लागलो. रायफल बाकावर घट्ट बसवायची, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावायचा. लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या मोजायच्याच नाहीत. शिशाच्या गोळीवरच्या मेणाचा थर नळीत बसू द्यायचा. घाई करणाऱ्याला हे पटत नाही, त्याला काडतुसं वाया गेल्यासारखी वाटतात. आता पट्ट्यांपेक्षा याच कामाची रांग मोठी आहे. परवाना पाहिल्याशिवाय मात्र रायफल आत घेत नाही, कितीही ओळखीचा असो.

हल्ली नळीच्या तोंडाला ट्यूनर (नळीची थरथर जुळवून घेणारं वजन) बसवून मागणारे वाढलेत. बसवतो, पण आधी लॉट तपासून घ्या म्हणतो. काही जण नाराज होऊन जातात आणि पुढच्या मोसमात काडतुसांच्या पेट्या घेऊन हजर होतात.