आमची वाटचाल: माणदेश ते चांगथांग

आमचं घराणं माणदेशातल्या धनगरांचं. दिवाळी झाली की आजोबा मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. वडील एसटीत कंडक्टर झाले आणि वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, माळ्यावर गेली. मी तर पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसणारा. मेंढरांमागे फिरायचं नशिबात होतंच, फक्त ते लडाखमध्ये निघालं.

२०१४ साली नोकरी सोडून मी आणि बायकोने पूर्व लडाखच्या, म्हणजे चांगथांगच्या, सहली सुरू केल्या. भांडवल काय, तर पीएफचे पैसे आणि एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे प्राणी बघायची दुर्बीण. पहिल्या वर्षी जे केलं ते सांगायला लाज वाटते. त्सो कार सरोवराकाठच्या माळावर कियांग, म्हणजे तिथलं रानगाढव, गाडीच्या बरोबरीने पळतं. ड्रायव्हरला म्हटलं, दाब अजून. कळपात पिल्लं होती. पाहुणे खूश, आम्हीही खूश. लांब एक चांगपा, म्हणजे तिथला भटका मेंढपाळ, उभा होता, नुसता बघत.

त्याच वर्षी एका काकांना घाईने साडेचार हजार मीटरवर नेलं, विरळ हवा बाधली आणि रात्रीतून खाली लेहला आणावं लागलं. जीव वाचला, नफा गेला. तेव्हापासून पहिले तीन दिवस लेहमध्येच, साडेतीन हजार मीटरवर, निवांत. 'हॉटेलात बसायला पैसे दिलेत का?' असं विचारणारे दुसरीकडे जातात. खुशाल जावोत.

धंद्याला खरं वळण लागलं २०१६ मध्ये. हानलेच्या बाजूला एका चांगपा कुटुंबाच्या रेबोशेजारी आमचे तंबू होते. रेबो म्हणजे याकच्या केसांचा काळा तंबू. रात्री लांडगा वाडग्यात, म्हणजे शेळ्या कोंडायच्या आवारात, शिरला. दगडी भिंत जेमतेम कमरेएवढी. सकाळी तोच लांडगा समोरच्या धारेवर स्कोपमध्ये दिसला आणि एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. मागे वळून पाहतो तर मेमे-ले (आजोबांना तिकडे असंच म्हणतात) मेलेल्या शेळ्या ओढून एका रांगेत ठेवत होते. अकरा. माझे आजोबा म्हणायचे, लांडगा आपला वाटा नेणारच. पण वाटा म्हणजे एखादं मेंढरू. अकरा पश्मिना शेळ्या गेल्यावर घरात काय उरतं?

दुपारी त्यांनी आम्हाला जुना शांगदोंग, म्हणजे लांडग्याचा सापळा, दाखवला. आत रुंद, तोंडाशी अरुंद असा दगडी खड्डा. आमिषाला शेळी बांधायची. लांडगा उडी मारतो, त्याला वर येता येत नाही. मग गावकरी दगडांनी मारत. एका ताईंना हे फार क्रूर वाटलं. मी गप्प बसलो.

पुढच्या वर्षापासून दर पाहुण्यामागे दोन हजार रुपये वेगळे काढले. त्यातून आधी मेमे-लेंच्या वाडग्यावर जाळीचं छत आणि घट्ट लाकडी दार, मग शेजारच्या दोघांकडे. जाळी लेहहून, गवंडी तिथलाच. सहलीचा आकार बदलला: सात दिवस, एकच मुक्काम, सहाच माणसं. धावपळ बंद. सकाळी दूध काढताना शेळ्या दोन रांगांत समोरासमोर, माना एकमेकींत अडकवून एकाच दोरीने बांधतात. ती दोरी धरायला पाहुण्यांना बोलावतात. जूनच्या सुमारास लोखंडी फणीने पश्म, म्हणजे पश्मिना शालीची मऊ लोकर, विंचरतात. एका शेळीमागे जेमतेम पाव किलो निघतो, तोही कचऱ्यासकट. शालीची किंमत ऐकून हसणारे तिथे गप्प होतात.

२०२० गेलंच, करोना आणि सीमेवरचा ताण दोन्ही एकदम. २०२२ मध्ये हानलेला डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं राखीव क्षेत्र, झालं आणि तारे बघणाऱ्यांची गर्दी वाढली. आम्ही मात्र सहावरून सातवर गेलो नाही. बायको हिशोब बघते, ती यावर अजून कुरकुरते.

गेल्या जूनमध्ये मेमे-लेंच्या नातवाचा फोन आला. तिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, म्हणजे काम मोठं असणार. वाडग्यामागच्या दगडांत मनुलची पिल्लं होती, चपट्या कानांच्या त्या रानमांजराची. आमचा गट लेहमध्येच होता. नातू म्हणाला, "या. पण गाडी नाल्यापलीकडे ठेवा, तिथून चालत. कुत्रं मी बांधून ठेवतो."