तुम्ही विचारलंत म्हणून: निवडून येऊन मेंबर करतो तरी काय?

कोल्हापूर-गडहिंग्लजकडं लग्नाला गेलं की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "वहिनी, तुम्ही तिकडं सरपंच होता न्हवं का?" आणि लगेच पुढचं, "पण तिकडं सगळं कन्नडात चालतंय म्हणे, मग आपला मराठी माणूस निवडून येऊन करतो तरी काय?" कधी नणंदेच्या सासरची माणसं विचारतात, कधी पुण्याला कामाला असलेली आमच्याच गावची पोरं, आणि आता गावातल्या नव्या सुनापण विचारायला लागल्यात की काकू, उभं राहायचं म्हटलं तर शिक्षण किती लागतं, काम काय असतं. पंगतीत सांगून होण्यासारखं नाही हे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मी सरपंच नव्हते. कर्नाटकात ग्राम पंचायतीला सरपंच नसतो, अध्यक्ष असतो, आणि मी साधी मेंबर, 2015 ते 2020 एक टर्म, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पंचायतीत. तुमच्याकडं सरपंच थेट लोकांतून निवडतात, आमच्याकडं निवडून आलेले मेंबर आपल्यातूनच अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडतात आणि त्या पदांनाही आरक्षण असतं. साधारण 400 लोकसंख्येमागं एक मेंबर. आमच्या पंचायतीत पाच गावं मिळून अकरा मेंबर होते, त्यात सहा बाया, कारण निम्म्या जागा बायकांना. तुमचा ग्रामसेवक म्हणजे आमचा पीडीओ, पंचायत समिती म्हणजे तालुका पंचायत, आणि तिथं बीडीओच्या जागी ईओ. तुमच्याकडं दोनपेक्षा जास्त मुलं असली तर अडचण येते, इकडं ती अट नाही. शिक्षणाचीपण अट नाही, वय 21 पूर्ण पाहिजे आणि पंचायतीच्या मतदार यादीत नाव पाहिजे.

मग निवडून येतात कोण? आमचे अकरा सांगते म्हणजे कळेल. दोघं मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, आमच्या भागात घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत एक फौजी असतोच. एक दूध डेअरीचा सेक्रेटरी, त्याला प्रत्येक घरात म्हशी किती आणि कर्ज किती हे तोंडपाठ. एक गोव्याला सेंट्रिंगच्या कामावर जाणारा मुलगा, जो निवडून आल्यावर आठवड्याला परत यायला लागला आणि रोजगार बुडवून मीटिंगला बसायचा, त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. एक छोटा कॉन्ट्रॅक्टर, ह्याबद्दल मी तेव्हाही तोंडावर बोलले होते की जो काम घेतो त्यानंच काम मंजूर करणं बरोबर नाही. बायकांत तिघी स्त्रीशक्ती संघातून (म्हणजे बायकांच्या बचत गटातून) आलेल्या, संघाची पासबुकं, हप्ते, बँकेत जाणं ह्याची सवय असलेल्या. मीपण त्यातलीच, चौथी. आणि दोघी अशा की जागा बायकांना सुटली म्हणून घरच्यांनी उभ्या केलेल्या, मीटिंगला त्यांचे मालक यायचे आणि त्या घरी. एकीनं दुसऱ्या वर्षी स्वतः यायला सुरुवात केली. पहिले दोन महिने काही बोलली नाही, तिसऱ्या मीटिंगला म्हणाली, आमच्या गल्लीतला दिवा चार महिने बंद आहे, माझी पोरगी ट्यूशनवरनं अंधारात येते. त्या दिवशी तिच्या मालकांची खुर्ची कायमची रिकामी झाली.

वरच्या पातळीवर गेलं की माणसं बदलतात. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा आहेत आणि तिथं निवडून येणाऱ्यांच्या मागं बघाल तर साखर कारखाना, सहकारी बँक, सोसायट्या, शिक्षणसंस्था हेच जास्त दिसेल, मग तो मराठी असो की कन्नड. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे म्हणाल तर 2013 ला दोन आमदार आले होते, खानापुरातून आणि बेळगाव दक्षिणमधून, 2018 ला आणि 2023 ला एकही नाही. ह्याचं दुःख आमच्या घरात आहे, आमच्यात 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, सासरे होते तोवर न चुकता फेरीला जायचे. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, आणि एकदा निवडून आलं की समोर येणारा माणूस सीमाप्रश्न घेऊन येत नाही, घराचा कागद घेऊन येतो.

आता खरं उत्तर. मेंबरचं काम म्हणजे कागद. कुणाला हे आवडत नाही ऐकायला, लोकांना वाटतं मेंबर म्हणजे रस्ता, गटार, दिवा. ते आहेच, पाणी, दिवाबत्ती, गटार, घरफाळा, उद्योग खात्रीची कामं (तुमची रोजगार हमी), घरांच्या याद्या, हे सगळं पंचायतीकडं. पण ह्यातली एकसुद्धा गोष्ट ठरावाशिवाय हलत नाही, आणि ठराव कन्नडात.

पहिल्या मीटिंगचं नोटीस शिपाई घेऊन आला तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. दोन पानं, सगळं कन्नड, माझं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत, कन्नड अक्षरं ओळखीची पण वाचायला बसलं की गाडी अडायची. माझी पोरगी तेव्हा सहावीत, मराठी शाळेतच, पण त्यांना कन्नड विषय असतो. ती चुलीशेजारी बसून एक-एक शब्द मोठ्यानं वाचायला लागली आणि मी अंदाज बांधत गेले. "अनुदान" कळलं, ते आपलंच. "कुडियुव नीरु" म्हणजे प्यायचं पाणी. "बीदि दीप" म्हणजे रस्त्यावरचा दिवा. "चरंडी" म्हणजे गटार, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं कुठल्या देवीचं नाव. "कामगारी" म्हणजे कामगार नव्हे, कामं. "तेरिगे" म्हणजे कर. आणि "फलानुभवी" म्हणजे लाभार्थी, हा शब्द मला इतका आवडला की मी तो मराठीतपण वापरते. एका वहीत डाव्या बाजूला कन्नड शब्द देवनागरीत आणि उजव्या बाजूला अर्थ असं लिहीत गेले, सहा महिन्यांत निम्मी वही भरली, आणि दीड वर्षात नोटीस माझं मला वाचता यायला लागलं. भाषा शिकले म्हणून मराठी कमी झाली असं काही झालं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण टोमणे ऐकलेत.

मीटिंगमध्ये मी एक सवय लावली. ठराव बुकात सही करायच्या आधी म्हणायचं, ही नडवळी मोठ्यानं वाचा. नडवळी म्हणजे मीटिंगचा वृत्तांत. पहिल्यांदा सगळे बघायलाच लागले, कारण रीत अशी होती की चहा यायचा, रजिस्टर फिरायचं, अकरा सह्या व्हायच्या. बिल कलेक्टर, म्हणजे पंचायतीची वसुली करणारा, पोरगा चांगला होता, तो वाचायचा आणि मराठीत सांगायचा. चौथ्या की पाचव्या वेळी असं निघालं की जे गटार आम्ही वरच्या गल्लीला ठरवलं होतं ते कागदावर दुसऱ्याच गावात गेलं होतं. चूक होती की काय होतं ह्यात मी जात नाही, ते दुरुस्त झालं. पण सही करून घरी गेलो असतो तर वर्षभर आम्हीच ओरडत बसलो असतो की पंचायत काम करत नाही, आणि ठरावावर सही आमचीच.

पाण्याचं एक सांगते. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पावसाळ्यात आमच्याकडं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये त्याच तालुक्यात घागरींची रांग लागते. 2017 च्या एप्रिलमध्ये आमच्या बोअरची मोटर जळाली. थ्री फेज करंट रात्रीचा, व्होल्टेज कमी, वॉटरमननं चालू केली आणि वाइंडिंग गेलं. सकाळी साडेपाचला माझ्या दारात बाया. आता बघा मेंबरनं काय-काय करायचं: पीडीओला फोन, तो म्हणतो एस्टिमेट लागेल. चेन-कप्पी लावून मोटर वर काढणारी माणसं बोलवा, त्यांना मजुरी कोण देणार ते ठरवा. मोटर टेंपोत घालून खानापूरला रिवाइंडिंगला. तोवर शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरनं पाणी घ्यायला मळेवाल्याची समजूत काढा. पैसा होता, कारण 14 व्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्राम पंचायतीला यायचा, पण तो काढायला परत ठराव. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला नळाला पाणी आलं तेव्हा मी आणि वॉटरमन टाकीखाली बसलो होतो आणि पाइपात पाणी चढतानाचा तो आवाज ऐकून त्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं, कारण तीन दिवस सगळ्या गावानं त्यालाच शिव्या घातल्या होत्या.

आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "मंडल" म्हणतात, मंडल पंचायतीच्या वेळची. 1983 चा कायदा आणि 1987 ला पहिली निवडणूक, रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असतानाची गोष्ट. तेव्हाचे पंचायत खात्याचे मंत्री अब्दुल नझीर साब, त्यांनी गावोगाव इतक्या बोअर मारल्या की लोक त्यांना "नीर साब" म्हणायचे. बायकांना 25 टक्के जागा तेव्हाच दिल्या होत्या, देशभर पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती व्हायच्या आधी. माझ्या सासूबाईंची मावसबहीण त्यात निवडून आली होती, अंगठा उठवायची, पण कुठल्या पंपाचा वॉशर गेलाय ते आवाजावरनं सांगायची. शिक्षण किती लागतं विचारणाऱ्यांना मी तिचं उदाहरण देते.

सरकारी घरकुलांच्या यादीवर तर स्वतंत्र लिहावं लागेल. लोक अजून सगळ्यालाच "आश्रय घर" म्हणतात, योजनेचं नाव काही असो. फलानुभवी निवडायचे ग्रामसभेत, म्हणजे सगळ्यांसमोर. मग पाया, लिंटल, छत, प्रत्येक टप्प्याला जीपीएस फोटो काढून चढवायचा आणि मगच पुढचा हप्ता. आमच्या वॉर्डात एक म्हातारी, एकटी, मातीची भिंत पावसात पडलेली. नाव यादीत आलं, पण पाया घालायला हातात पैसा नाही आणि पायाच्या फोटोशिवाय हप्ता नाही. असं अडकतं माणूस. संघातल्या बायांनी उसने दिले, गवंडी गावचाच, तो थांबला. छत पडायला चौदा महिने लागले.

अर्ज कुठल्या भाषेत करायचा हेपण फार जण विचारतात. घटनेच्या 350 व्या कलमात लिहिलंय की गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मी मराठीतच अर्ज करायचे. एका कार्यालयातनं अर्ज परत दिला, कन्नडात आणा म्हणून. मी कलमाचा कागद पुढं ठेवला, घेतला अर्ज. पण कामाला महिना लागला. त्यानंतर मी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडायला लागले, हक्क सोडायचा नाही आणि म्हातारीचं कामपण अडवायचं नाही म्हणून. ह्यावर आमच्याच माणसांशी माझे वाद झालेत आणि मी आजही त्याच मताची आहे.

जिल्हा आणि तालुका पंचायतीचं विचाराल तर वाईट वाटतं. 2016 ला निवडणूक झाली, 2021 ला मुदत संपली, आणि मग वॉर्डरचना, आरक्षण ह्या घोळात निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. त्यामुळं मधला जिनाच काढून घेतल्यासारखं झालं, खाली मेंबर आणि वर आमदार, मध्ये फक्त अधिकारी. दोन गावांमधला रस्ता, जो एका पंचायतीचा नाही आणि दुसरीचाही नाही, तो कुणाला सांगायचा? पूर्वी जिल्हा पंचायत मेंबरला गाठलं की तो बेळगावला मीटिंगमध्ये उभा राहून विचारायचा.

आणि मेंबरला भाव कधी येतो तेपण सांगते. विधान परिषदेच्या 75 पैकी 25 जागा स्थानिक संस्थांच्या, तिथं आम्ही मेंबर मतदार. डिसेंबर 2015 ला ज्यांनी कधी आमच्या गावचं नाव ऐकलं नव्हतं त्यांचे फोन आले. मी प्रत्येकाला एकच विचारलं, मीटिंगची नोटीस मराठीतपण मिळेल असं बघाल का. बघू म्हणाले सगळे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमची टर्म संपत आली होती. पुण्या-मुंबईहून पोरं परत आली, शाळेत ठेवली, त्यांच्या जेवणाचं आम्ही पाहिलं, आणि त्यातच मुदत संपून प्रशासक आले. निवडणूक डिसेंबरला झाली. मी परत उभी राहिले नाही, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या.

ज्यांना उभं राहायचंय त्यांनी आरक्षणाची यादी लागायची वाट बघत बसू नका, जातीचा दाखला आधीच नाडकचेरीतनं (तहसीलच्या खालचं महसूल कार्यालय) काढून ठेवा. मराठा समाज इकडच्या मागास वर्गांच्या यादीत 3बी मध्ये येतो, त्यामुळं मागास वर्ग ब ची जागा सुटली तर तो लागतो, आणि ऐनवेळी तिथं रांग असते. घरफाळा भरून पावती घ्या, जुनी बाकी काढून लोक अडवतात. आणि कन्नड वाचायला येत नसेल तर संध्याकाळी सातनंतर आमच्याकडं या, वही अजून आहे.